कणगीच्या पलीकडची खोली

१९७३ च्या मार्च महिन्यात, एका बुधवारी सकाळी, नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर कौसल्या नावाची वीस वर्षांची बाळंतीण अंथरुणात मृत आढळली. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते. मुलगी जिवंत होती. आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्याच घरात, कौसल्याच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीत मी भुंगे मारण्याच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले काही लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा त्यांच्या मनात हा प्रसंग नसणार. भुंग्यांच्या गमतीजमती त्यांना हव्या होत्या. त्याही आहेत आणि एकदोन सांगतो. पण तीस वर्षांच्या नोकरीतले एकच प्रकरण असे आहे की त्याची नोंद कागदोपत्री अपुरी राहिली. ती पुरी करणे मला शक्य आहे, म्हणून लिहितो.

त्या वेळी मी धान्यरक्षणाच्या सरकारी मोहिमेत क्षेत्र सहायक होतो. त्याआधी दोन वर्षे नगरच्या एका दैनिकात उपसंपादकाच्या खुर्चीवर काढली होती. तिथल्या वृत्तसंपादकांची एक शिस्त होती. बातमीदाराने टिपण देताना स्वतः पाहिलेले एका बाजूला आणि कोणी सांगितलेले दुसऱ्या बाजूला लिहायचे. दोन्ही बाजू एकत्र झालेले टिपण ते न वाचता परत करत. पगार अनियमित होता म्हणून मी ती नोकरी सोडली. शिस्त सोडली नाही, असा माझा समज होता.

आमचे काम बाहेरच्यांना सहज सांगता येईल असे होते. घरात, अंगणात, खळ्यावर भुंगा दिसला की तो कोणता ते ओळखायचे आणि त्याचा बंदोबस्त सांगायचा किंवा करायचा. लोक भुंगा काड्यापेटीत घालून आणत. कचेरीच्या खिडकीत सकाळी आठदहा काड्यापेट्या ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीत काहीतरी खुडबुडत असे. पांढऱ्या कागदावर पेटी उपडी करायची आणि भिंगातून पाहायचे. पुढे सोंड असेल तर तो सोंडकिडा, ज्याला खेड्यात टोका म्हणतात. तो दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो. तांबडा, चपटा, चपळ भुंगा पिठातला. गोलसर, पाठीवर ठिपके असलेला कडधान्यातला. दाण्याचे नुसते टरफल आणि खाली भुकटी उरली असेल तर काळसर, बुटका पोरकिडा. वाशातून किंवा खाटेच्या पायातून पिवळी भुकटी गळत असेल तर घुण. उकिरड्यात अंगठ्याएवढा, डोक्यावर शिंग असलेला निघतो तो गेंड्या भुंगा. त्याची अळी पाहून बायका दचकतात, पण तिच्यामुळे घराला काही होत नाही.

ओळख पटली की निम्मे काम झाले. बहुतेक वेळा उन्हात वाळवा, चाळा, कणगी आतून लिंपा, राख घाला, एवढेच सांगावे लागे. लाकडाला घुण असेल तर भोकात रॉकेलचा बोळा. औषधाची पावडर बियाण्याला, खायच्या धान्याला कधीच नाही. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणत असे. गावांत मला भुंगेसाहेब म्हणत आणि पोरे मागून तशी हाक मारून पळत.

नगर शहराच्या कडेला राहणारे एक निवृत्त सुभेदार महिन्यातून एकदा येत. घरात सापडलेले भुंगे मारून ते पुठ्ठ्यावर टाचणीने लावत, उंचीप्रमाणे, रांगेत. पुठ्ठा समोर ठेवून म्हणत, "मोजून घ्या आणि पोहोच द्या." पोहोच दिल्याशिवाय ते उठत नसत. त्यांच्या घरात खरे तर एकच कीड होती, तुळईतला घुण. बाकीचे भुंगे दिव्याला बाहेरून येत. मी तीन वेळा तसे सांगितले. चौथ्या वेळी ते म्हणाले, "बाहेरून येतो तोच शत्रू." त्यांना मी पोहोच देत राहिलो.

घोडेगावच्या एका धान्य व्यापाऱ्याने मला वेगळाच धडा दिला. माल साफ आहे, असे त्याने शपथेवर सांगितले. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत धान्य कोमट होते. भुंगा लागलेले धान्य तापते. हाताला ऊब लागली की पाहायचे काही उरत नाही. पोते उसवले तेव्हा जमिनीवर आधी भुंगेच चालू लागले. तेव्हापासून व्यापाऱ्याचे ऐकायचे नाही, हात घालायचा, असा मी नियम केला. त्याची दुसरी बाजूही नकळत ठरून गेली. घरच्या माणसाचे ऐकायचे. घरातला माणूस स्वतःच्या खायच्या धान्याबद्दल खोटे कशाला बोलेल?

त्या वर्षी दुष्काळ होता. पूर्वेकडच्या गावांत सलग तिसऱ्या वर्षी पीक नव्हते. माणसे खडी फोडायच्या आणि तलावाच्या कामावर होती आणि रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, खात होती. मिलोची भाकरी थापताना तुटते आणि पोटात गच्च बसते, अशी सगळ्यांची तक्रार होती. ज्याच्या घरात जुनी शाळू ज्वारी शिल्लक होती तो ती दागिन्यासारखी राखत होता. आणि जुन्या धान्यालाच भुंगा लागतो. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे काड्यापेट्या कमी झाल्या आणि माणसेच येऊ लागली. कणगी वाचवा, एवढेच त्यांचे म्हणणे असे.

उन्हात वाळवून भागणार नाही इतकी कीड असेल तिथे आम्ही गोळ्या वापरत होतो. गोळी करड्या रंगाची, बटणाएवढी असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून वायू सुटू लागतो आणि दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोहोचतो. पावडर तिथे पोहोचत नाही. काम झाल्यावर राखेसारखी पूड उरते. वायू दिसत नाही. त्याला वास असतो, कार्बाइडच्या बत्तीसारखा किंवा लसणासारखा. तो वास आला की घराबाहेर पडायचे, हीच एक खूण सामान्य माणसाला सांगता येण्यासारखी होती आणि आम्ही ती सांगत होतो. या गोळ्या गोदामासाठी आहेत, राहत्या घरात वापरू नयेत, हे पुढे सर्वमान्य झाले. त्या वर्षी आमच्या गटात त्या घरातही वापरल्या जात होत्या, खोली बंद ठेवण्याच्या अटीवर.

कौसल्याचे वडील, दगडू आबा, कचेरीत आले ते सोमवारी. साठीच्या आतले, उंच, कमी बोलणारे. घोडेगावच्या फाट्यापासून दीड मैलावर त्यांची वस्ती होती. काड्यापेटी आणली नव्हती. धोतराच्या सोग्यात मूठभर ज्वारी बांधून आणली होती. मी ती कागदावर पसरली. निम्म्या दाण्यांना भोके होती आणि सोंडकिडे कागदाच्या कडेकडे चालले होते. किती धान्य आहे, असे मी विचारले. चार पोती असेल, म्हणाले. वाळत घाला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. दोनदा वाळवली होती.

"मिलो आमी खातुया," ते म्हणाले. "ही शाळू ऱ्हायली पायजे, सायेब. आजून दीडदोन म्हैने तरी."

दीडदोन महिन्यांनी काय आहे, हे मी विचारले नाही. दुष्काळात धान्य कशासाठी राखायचे, हा प्रश्न मला पडला नाही.

मंगळवारी मी आणि शिपाई गेनूमामा एसटीने गेलो. गेनूमामा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पाच मुलांचे वडील. चिखल कालवणे, लिंपणे, पोती हलवणे ही कामे ते करत आणि वाटेत गावोगावच्या नातेसंबंधांची माहिती पुरवत. त्या दिवशी ऊन फार होते. तेही गप्प होते.

घर पत्र्याचे होते. पुढे ओसरी, मग स्वयंपाकाची खोली, तिच्या मागे शेजारी शेजारी दोन खोल्या. उजवीकडच्या खोलीला दार होते. त्या खोलीत कणगी. डावीकडच्या खोलीच्या दारात गोणपाटाचा पडदा सोडलेला होता. खेड्यातल्या घरात पडद्याआड डोकावायचे नसते. मी डोकावलो नाही.

घरात शिरताच धुराचा वास आला. लसणाची साले, ओवा आणि आणखी काहीतरी जळल्याचा. कणगीतले किडे जावेत म्हणून लोक कडुलिंबाची, लसणाच्या सालांची धुरी देतात हे मी पाहिलेले होते. मी आबांना म्हणालो, "धुरीने भुंगा मरत नाही, आबा. उगाच डोळे चुरचुरतात."

आबांनी कणगीच्या खोलीचे दार उघडले.

मी कणगीला कान लावला. आत पाऊस भुरभुरत असावा तसा बारीक आवाज येत होता. हात घातला. धान्य गरम होते. आबाही जवळ येऊन कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "राच्चं लई वाजतं हे."

मी छापील फॉर्म काढला. रकाने ठरलेले होते. धान्य कोणते, किती, कीड कोणती, साठवण कशात. शेवटून दुसरा रकाना 'खोलीत वास्तव्य' असा होता.

"या खोलीत कोण झोपतं?" मी विचारले.

"हितं? हितं निजत्यात उंदरं आन् ह्ये तुमचं भुंगं," आबा म्हणाले. "मानूस कुनी न्हाई."

मी रकान्यात 'नाही' असे लिहिले. उत्तर खरे होते. त्या खोलीत कोणी झोपत नव्हते.

दोन खोल्यांच्या मधली भिंत मातीची होती. तिच्यावर गोवऱ्यांची रास रचलेली दिसत होती, थेट पत्र्यापर्यंत. मी ती खालून पाहिली. गोवऱ्यांच्या मागे भिंत आहे, असे धरले. प्रत्यक्षात भिंत पत्र्यापासून दोन हात खालीच संपत होती. पत्र्याच्या घरांत वारा खेळावा म्हणून मधल्या भिंती अशाच ठेवतात. वरच्या मोकळ्या जागेत फक्त गोवऱ्या होत्या, सुट्या, एकावर एक. शिडी मागितली असती तर दोन मिनिटांत कळले असते.

कणगी बांबूची, बाहेरून शेणाने सारवलेली होती. सारवण वाळून तडकले होते. झाकायला प्लॅस्टिकचा तुकडा आमच्या गटात एकच होता आणि तो दुसऱ्या तालुक्यात गेला होता. अशा वेळी कणगीच्या तोंडावर ओली गोणपाटे टाकून वरून चिखलाने लिंपायचे आणि बाजूच्या भेगाही बुजवायच्या. त्यासाठी मी दोन घागरी पाणी मागितले. आबा आत गेले, पडद्याजवळ थांबून कोणाशी तरी हळू बोलले आणि एकच घागर घेऊन आले. दुसरी देता येणार नाही, म्हणाले. मी आग्रह केला नाही. पाणी त्या वस्तीवर पाऊण मैलावरून डोक्यावर येत होते. एका घागरीत तोंड लिंपून झाले. बाजूच्या भेगा राहिल्या. फॉर्मच्या मागच्या बाजूला मी लिहिले: पाणी अपुरे, बाजू लिंपल्या नाहीत.

दुसरी घागर बाळंतिणीच्या अंघोळीची होती. हे मला बुधवारी कळले.

गोळ्या घालून, तोंड बंद करून, दार ओढून घेतले. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. अंगणात येऊन आबांना सूचना दिल्या. आठ दिवस दार उघडायचे नाही. आत कोणी जायचे नाही. घरात लसणासारखा वास आला तर सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि मला कळवायचे. आबांनी प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हटले. मी त्यांच्याकडून सूचना पुन्हा म्हणवून घेतल्या. त्यांनी तिन्ही बरोबर सांगितल्या. घरातल्या बाईमाणसाला बोलवा, त्यांनाही सांगतो, असे मी म्हणालो. ती कामात आहे, मी सांगेन, असे ते म्हणाले.

यापुढचा भाग कोणत्याही कागदावर नाही.

आम्ही फाट्यावर पोहोचलो तेव्हा नगरकडे जाणारी गाडी यायला थोडा वेळ होता. गेनूमामा दगडावर बसून चप्पल झटकत होते. ते म्हणाले, "त्या घरात बाळंतीन हाय."

मी विचारले, तुम्हाला कोणी सांगितले.

"सांगाय कशाला पायजे? धुरी कशाची हुती मग? लसनाची सालं, ववा, बाळंतशेपा. पाच येळा हुंगलीया म्या ती घरी."

"ती कणगीला दिली होती."

"कनगीला बाळंतशेपा कोन जाळील, सायेब?"

मी वस्तीकडच्या वाटेकडे पाहिले. मग विचारले, "कोणत्या खोलीत असेल?"

"आता त्ये काय म्या बघाय गेल्तो व्हय? म्या चिखल तुडवीत हुतो."

मला ती घरातली दुसरी खोली आठवली. पडदा आठवला. भिंत वरपर्यंत आहे, असेही आठवले, कारण मी तसे धरलेले होते. दार बंद केले आहे, फटी बुजवल्या आहेत, सूचना दिल्या आहेत, हे मी मनाशी मोजले. परत जायचे तर दीड मैल चालणे होते आणि गाडी चुकली असती. त्यानंतरची गाडी संध्याकाळी उशिरा होती. परत जाऊन आबांना काय विचारायचे, हेही अवघड वाटले. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि अविवाहित. परक्या घरी जाऊन बाळंतीण कुठे निजते, असे विचारायचे होते.

गाडी आली. गेनूमामा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "दार बंद आहे. काही होत नाही." आम्ही गाडीत बसलो.

त्या घरात पुढे काय झाले ते कौसल्याच्या आईने, ताराबाईंनी, पोलिसांना सांगितले आणि नंतर मलाही. संध्याकाळी कौसल्याने डोके दुखते, मळमळते म्हणून सांगितले. ताराबाईंनी ते वाऱ्याचे धरले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी आधीच बंद होती. खिडकीवर त्यांनी आणखी एक गोधडी ठोकली. काढा दिला. धुरी वाढवली. मूल सारखे रडत होते आणि खोकत होते. तेव्हा कौसल्या म्हणाली, हिला जरा घे, मला पडू दे. ताराबाई मुलीला घेऊन चुलीपाशी येऊन बसल्या आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. सकाळी अंघोळीचे पाणी तापवून त्या पडद्याआड गेल्या.

निरोप घेऊन वस्तीवरचा एक माणूस सायकलवर फाट्यापर्यंत आणि तिथून गाडीने कचेरीत आला. मी आणि गेनूमामा पोहोचलो तेव्हा हवालदार अंगणात होते. दोन्ही खोल्या उघड्या टाकल्या होत्या. पडद्याच्या खोलीत गेल्यावर मी वर पाहिले. त्या बाजूने भिंतीचा माथा स्पष्ट दिसत होता. त्याच्यावर गोवऱ्या होत्या आणि गोवऱ्यांच्या मधून कणगीच्या खोलीतला उजेड येत होता.

हवालदारांनी ताराबाईंना विचारले, वास आला होता का. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलगी मांडीवर होती. त्यांनी उत्तर माझ्याकडे पाहून दिले.

"वास व्हता की. लसनाचा व्हता. नऊ दिस ह्या खोलीत लसनाचाच वास हाय, दादा. म्या सोता जाळतीया सालं. त्येच्यात तुमचा वास कसा वळखायचा?"

आबा ओसरीच्या खांबाशी उभे होते. हवालदारांनी त्यांना विचारले, बाळंतीण शेजारच्या खोलीत आहे हे साहेबांना का सांगितले नाही. आबा म्हणाले, "त्यांनी इच्यारलं, हितं कोन निजतं. हितं कुनी निजत न्हाई." थोड्या वेळाने ते आणखी एक वाक्य बोलले. "सुवेर हुतं घरात. परक्या मानसाला काय सांगायचं?" पंचनाम्यात पहिले वाक्य आले. दुसरे आले नाही.

मृतदेह तपासणीसाठी नेण्यात आला. विषारी वायूने श्वास कोंडून मृत्यू, असे डॉक्टरांचे मत पडले. शनिवारी आमच्या खात्याची चौकशी झाली. जिल्ह्याच्या पर्यवेक्षकांनी फॉर्म मागवून घेतला, दोनदा वाचला. वास्तव्य नाही, असे कुटुंबप्रमुखाने सांगितले काय, असे विचारले. मी हो म्हणालो. सूचना दिल्या होत्या काय? हो. पुन्हा म्हणवून घेतल्या होत्या काय? हो. भेगा लिंपल्या नाहीत याची नोंद होती, त्याचे कारणही होते. गेनूमामांना बोलावले. त्यांनी चिखल कालवण्यापुरते सांगितले. फाट्यावर काय बोलणे झाले, हा प्रश्न कोणाला सुचणे शक्य नव्हते. मी सांगितले नाही. त्यांनीही सांगितले नाही. कचेरीच्या जिन्यावर ते मला एवढेच म्हणाले, "गाडी सोडाय पायजे हुती, सायेब." पुढे आम्ही सहा वर्षे एकत्र काम केले. हा विषय पुन्हा निघाला नाही.

माझ्यावर ठपका आला नाही. पर्यवेक्षकांनी शेरा मारला: नोंदी व्यवस्थित आहेत. त्या उन्हाळ्यात आमच्या गटात राहत्या घरात गोळ्या वापरणे थांबवण्यात आले.

माझ्या जुन्या दैनिकाचा बातमीदार मला ओळखणारा होता. त्याने विचारले आणि मी जे खरे होते तेवढे सांगितले. सूचना दिल्या होत्या, वास्तव्य नसल्याचे घरच्यांनी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर सात ओळींची बातमी आली. 'सूचना देऊनही' असे शब्द तिच्यात होते. बातमीतले एकही विधान चुकीचे नव्हते. ती बातमी वस्तीवर पोहोचली, कौसल्याच्या सासरीही पोहोचली. तिचे सासरे दहाव्याला आले ते घडी घातलेला अंक घेऊन. चार माणसांत त्यांनी आबांना विचारले, "साहेब सांगून गेले होते म्हणे?" आबांनी मान डोलावली. मला हे नंतर त्या वस्तीवरच्या माणसाने सांगितले. मी तिथे नव्हतो.

चौदाव्या दिवशी आबांचा निरोप आला: कणगी उघडायला या. वस्तीवर कोणी तिला हात लावायला तयार नव्हते.

मी एकटाच गेलो. त्या दिवशी गेनूमामा रजेवर होते. मुलगी त्याच घरी होती. सासरकडच्यांनी तिला सध्या नेत नाही म्हणून कळवले होते. ताराबाई कापसाच्या बोळ्याने तिला शेळीचे दूध पाजत होत्या. आबांनी खुरपे आणून माझ्या हातात दिले.

मी कणगीच्या तोंडावरचा वाळलेला चिखल फोडला, गोणपाटे काढली, गोळ्यांची उरलेली पूड गोळा करून अंगणाबाहेर खड्ड्यात पुरली. हात घातला. धान्य थंड होते. कान लावला. आवाज नव्हता. आबा दारात उभे होते. त्यांनी कान लावला नाही.

ताराबाई सूप आणि चाळण घेऊन आल्या. मी कणगीच्या वरून, मधून आणि तळातून तीन ठिकाणची ज्वारी चाळली.

"आता ही खायाला चालंल का?" त्यांनी विचारले.

दोन दिवस उन्हात पातळ पसरा, पाखडा, मग चालेल, असे मी सांगितले.

"बाळंतपनासाठीच राखली हुती. मिलो तिला नगं म्हनून." एवढे बोलून त्या सूप घेऊन अंगणात गेल्या आणि ज्वारी पसरायला लागल्या.

मी फॉर्मचा दुसरा भाग भरला. या वेळी पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहिले. ऐकलेल्याच्या बाजूला काही नव्हते. पाहिलेल्याच्या बाजूला लिहिले: तीन ठिकाणचे नमुने चाळले. भुंगे सर्व मेलेले. जिवंत एकही आढळला नाही.